ठोका आधी, पेसमेकर नंतर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पत्नीच्या पहिल्या सोनोग्राफीत, सहा आठवडे एक दिवस झालेले असताना, बाळाचे ठोके मिनिटाला १०४ आले. नवव्या आठवड्यात १७२. एनटी स्कॅनला, म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या शेवटी होणाऱ्या सोनोग्राफीत, १५८. याच दरम्यान तुमच्या वडिलांना, वयाच्या ७१व्या वर्षी, पेसमेकर बसवावा लागला. त्यावरून तुम्ही विचारलंय की बाळाच्या हृदयात नैसर्गिक पेसमेकर कधी आणि कसा तयार होतो, तो तयार होताना काही चुकलं म्हणून आकडे असे वरखाली होताहेत का, आणि आजोबांचा दोष नातवंडात उतरेल का.

मी लहान मुलांची हृदयरोगतज्ज्ञ आहे. वीसेक वर्षं गर्भातल्या बाळांचे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करते आहे. हे तिन्ही प्रश्न तुम्हाला एकाच माळेतले वाटताहेत, पण त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

आकड्यांचं आधी सांगून टाकते, कारण त्याशिवाय पुढचं तुम्ही शांतपणे वाचणार नाही. १०४, १७२, १५८ यांत बिघाडाचं काही नाही. निरोगी गर्भाचे ठोके याच वाटेनं जातात: सहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला शंभर-एकशेदहा, नवव्याच्या आसपास १७०च्या घरात, आणि तिथून हळूहळू उतरत दिवस भरेपर्यंत ११० ते १६०च्या मध्ये. तुमच्या बाळानं चढही नीट चढलाय आणि उताराला लागलंय. हेच १०४ जर एनटी स्कॅनला आले असते तर मी हे उत्तर इतक्या निवांतपणे लिहिलं नसतं.

मात्र पहिल्या आकड्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. सहाव्या आठवड्यात ठोके दिवसागणिक वाढत असतात. सहा आठवडे दोन दिवसांपर्यंत शंभरच्या वर असले की आम्ही समाधानी असतो. सात आठवडे होईतो तेच १२०च्या वर असावेत अशी अपेक्षा असते. म्हणजे पाळीची तारीख तीन-चार दिवसांनी चुकीची सांगितली गेली, तर चांगला आकडा वाईट दिसू शकतो. म्हणूनच त्या वयात आकडा कमी आला तर समजूतदार डॉक्टर काही निष्कर्ष न काढता आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावतात. ते दहा दिवस आई-बापाला फार जड जातात हे मला माहीत आहे, पण त्याहून चांगली तपासणी तिथं उपलब्ध नाही.

आठवड्यांचाच आणखी एक घोळ मिटवते, नाहीतर पुढं गोंधळ होईल. रिपोर्टातले आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भशास्त्राच्या पुस्तकातले दिवस गर्भधारणेपासून. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचं अंतर. तेव्हा पुस्तकात 'बाविसाव्या दिवसाच्या सुमारास ठोका सुरू होतो' असं वाचलंत तर रिपोर्टाच्या भाषेत ते पाच आठवडे उलटून एखाद-दुसरा दिवस झाला. हृदय कसं घडतं ते सांगताना मी दिवस-आठवडे गर्भधारणेपासून धरतेय; ठोक्यांचे आणि तपासण्यांचे आठवडे मात्र रिपोर्टातलेच.

आता मूळ प्रश्नाकडे. तुम्ही असं धरून चाललाय की आधी पेसमेकर बसतो आणि मग हृदय चालू होतं. वडिलांच्या बाबतीत डोळ्यांसमोर तसंच घडलं, त्यामुळं ते साहजिक आहे. गर्भात क्रम उलटा आहे. बाविसाव्या दिवशी जे धडधडू लागतं ती एक साधी नळी असते. कप्पे नाहीत, झडपा नाहीत. मेंदू म्हणजे अजून पुरती न मिटलेली दुसरी एक नळी, आणि हृदयापर्यंत एकही नस (चेतातंतू) पोचलेली नाही. ज्याला आम्ही सायनस नोड म्हणतो, म्हणजे तुमच्या-माझ्या छातीतला पेसमेकर, तो वेगळा ओळखू येईल अशा रूपात पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतो. म्हणजे मधले दोनेक आठवडे हृदय अधिकृत पेसमेकरशिवायच चाललेलं असतं. तुमच्या त्या १०४ ठोक्यांच्या दिवशी नोडची नुसती मांडामांड चालू होती. तेव्हा त्या आकड्यावरून नोडची परीक्षा होऊच शकत नाही.

मग तेव्हा ठोका देतं कोण? सगळेच.

कोवळ्या हृदयपेशीला स्वस्थ बसता येत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणावर विजेचा थोडा ताण असतो. मोठ्या माणसाच्या हृदयातली कामकरी स्नायूपेशी हा ताण घट्ट धरून ठेवते, कारण तिच्यात पोटॅशियमची एक खास वाट असते, जी तिला विश्रांतीच्या पातळीला बांधून ठेवते. बाहेरून कोणी ढकलल्याशिवाय ती हलत नाही. कोवळ्या पेशीत ही वाट जवळजवळ नसतेच. त्यामुळं तिचा ताण आपोआप ढळत जातो, एका उंबरठ्यापर्यंत आला की ती उडते, आकुंचन पावते, आणि पुन्हा पहिल्यापासून. यात कॅल्शियमचाही मोठा हात आहे. झेब्राफिश नावाच्या पारदर्शक माशाच्या भ्रूणात हा क्षण प्रत्यक्ष पाहता येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की आधी सुट्या सुट्या पेशींत कॅल्शियम नुसतं लुकलुकत असतं, आणि मग अचानक अख्खं हृदय एकदम एका लयीत येतं. हळूहळू वेग घेत सुरू होणारी ती गोष्ट नाही. एका ठोक्याआधी नसते, दुसऱ्या ठोक्याला असते.

सगळेच ठोके देणारे असतील तर गोंधळ का होत नाही? शाळेत पाढे एका सुरात म्हणताना आठवतं? जे पोर सगळ्यांत घाईत असायचं त्याच्यामागं वर्ग फरपटत जायचा. हृदयातही तेच. पेशी एकमेकींना जोडलेल्या असल्यानं जी सर्वांत आधी उडते ती शेजारणीला ढकलते, तिला स्वतःची वेळ येईपर्यंत थांबायची संधीच मिळत नाही. सर्वांत वेगवान पेशी, तीच नेता. आणि या नळीत सर्वांत वेगवान पेशी कुठं असतात? जिथून रक्त आत येतं त्या टोकाला.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी, बेडकात. त्या काळी फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला बेडकाच्या हृदयावर दोरा बांधायला लावायचे. १८५२ सालचा स्टॅनियसचा प्रयोग. बेडकात अंगभरचं अशुद्ध रक्त आधी एका पातळ पिशवीत येतं, मग वरच्या कप्प्यांत. तिला सायनस व्हिनोसस म्हणतात. पिशवी आणि कप्पे यांच्यामध्ये दोरा आवळला की पिशवी पहिल्याच वेगानं धडधडत राहते आणि उरलेलं हृदय थबकतं. आमच्या टेबलावर 'मेलं' म्हणून ट्रे बाजूला सारला गेला होता. दोन-चार मिनिटांनी कोणाचं तरी लक्ष गेलं, तर खालचा भाग स्वतःच्या मनानं, पण बराच सावकाश, चालू झालेला. वेगवान पोर वर्गाबाहेर काढलं, तर उरलेल्यांतलं जरा कमी घाईचं पोर पुढं झालं! बेडूक आता प्रॅक्टिकलमधून गेले, ते बरंच झालं. पण त्या ट्रेनं मला जे शिकवलं ते नंतर पुस्तकात फक्त सविस्तर वाचायला मिळालं.

माणसाच्या भ्रूणातही ही पिशवी असते. पुढं ती उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत मिसळून जाते. ती जिथं मिसळली त्या सीमेवर, वरून येणारी महाशिरा कप्प्याला जिथं मिळते त्या कोपऱ्यात, सायनस नोड बसलेला असतो. मोठ्या माणसात एक-दोन सेंटिमीटर लांब आणि काही मिलिमीटर जाड. उघड्या डोळ्यांना तो सहज दिसत नाही, म्हणून सापडायलाही उशीर झाला. १९०६च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या एका घरात मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी मोल या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्याचे गुरू आर्थर कीथ पत्नीबरोबर सायकलवर फिरून परत आले, तर हा उत्साहानं त्यांना ती वेगळी पेशींची गाठ दाखवायला उभा. १९०७ साली दोघांनी ती जगासमोर मांडली. पेशी वेगळ्या आहेत हे त्यांनी पाहिलं. त्या वेगळ्या का राहिल्या, हे कळायला मात्र आणखी जवळपास शंभर वर्षं गेली, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथंच आहे.

हृदयाची नळी एकदा बनली आणि मग कप्प्यांत विभागली, असं होत नाही. ती वाढत असते, आणि रक्त आत येणाऱ्या टोकाला तिच्यात नव्या पेशींची भर पडत राहते. जुन्या पेशी पुढं सरकतात आणि त्यांना हुकूम मिळतो: आता स्नायू व्हा. हा हुकूम देणाऱ्या मुख्य जनुकाचं नाव एनकेएक्स २-५. ते चालू झालं की पेशी शिस्तीत येते. पोटॅशियमची ती वाट उघडते, शेजारणींशी पक्के विजेचे जोड तयार होतात, आकुंचनाची यंत्रणा भरभक्कम होते, आणि आपणहून ठोका देण्याची कोवळ्या वयातली खोड सुटते. शेपटाला नुकत्याच आलेल्या पेशी अजून कोवळ्या, म्हणून वेगवान, नेतृत्व त्यांच्याकडं. काही काळानं त्यांनाही हुकूम मिळतो आणि त्यांच्यामागून आलेल्या पुढारी होतात. खुर्ची सतत मागच्या टोकाकडं सरकत असते. आपल्याकडच्या अनुभवानं हे विचित्र वाटेल, पण इथं कुणी खुर्चीला चिकटून बसत नाही.

शेवटी एक तुकडी अशी येते की तिला एनकेएक्स २-५चा हुकूम पोचतच नाही. किंवा नेमकं सांगायचं तर, पोचू दिला जात नाही. या पेशींची वंशावळ थोडी निराळी असते. त्यांच्यावर टीबीएक्स १८ नावाच्या जनुकाची खूण असते आणि सायनस व्हिनोसस त्यांच्यापासूनच घडते. तिच्या उजव्या कोपऱ्यात शॉक्स २ नावाचं जनुक पहाऱ्यावर बसतं आणि एनकेएक्स २-५ला आत येऊ देत नाही. टीबीएक्स ३ तिथल्या कामकरी स्नायूची जनुकं बंद ठेवतं. परिणामी कोवळ्या पेशीचे गुण तिथं टिकतात: ढळता ताण, आणि एचसीएन ४ नावाची ती वाट, जिच्यातून विश्रांतीच्या वेळीच प्रवाह आत झिरपू लागतो. या झिरपत्या प्रवाहाला १९७९ साली शास्त्रज्ञांनी 'फनी करंट', म्हणजे विचित्र प्रवाह, असं नाव दिलं. नाव गमतीचं असलं तरी ते पाठ्यपुस्तकात पक्कं बसलंय, आणि त्याला अडवणारं इव्हाब्रॅडीन नावाचं औषध आम्ही रोज लिहितो.

घरात सगळं दूध लावून ताक-लोणी करतात, पण वाटीभर दही विरजणासाठी बाजूला काढून ठेवतात; त्याला कोणी हात लावत नाही. सायनस नोड हे हृदयानं बाजूला काढून ठेवलेलं विरजण आहे. सुरुवातीला सगळ्याच पेशींकडं असलेला गुण बाकीच्यांनी कामाच्या बदल्यात सोडला, तो या चमचाभर पेशींत जपून ठेवलेला आहे.

हे नुसतं सुचलेलं रूपक नाही, तपासलेलं आहे. ज्या उंदरांत शॉक्स २ काढून टाकलं त्यांचा नोड खुरटा राहिला आणि ठोके मंदावले. ॲमस्टरडॅमच्या एका गटानं २००७ साली उलट करून पाहिलं: उंदराच्या वरच्या कप्प्यातल्या नेहमीच्या कामकरी पेशींत टीबीएक्स ३ जबरदस्तीनं चालू केलं, तर त्या पेशी स्नायूपण विसरून ठोके देऊ लागल्या. पुढं अमेरिकेत डुकरांच्या हृदयात टीबीएक्स १८ सोडून तसाच काही दिवस टिकणारा जिवंत पेसमेकर करून दाखवला, २०१४ची गोष्ट. तुमच्या वडिलांच्या खांद्याखालच्या डबीला पर्याय म्हणून ते अजून दवाखान्यात आलेलं नाही, त्याची वाट बघत बसू नका.

इथं एक अडचण उरते, आणि मला स्वतःला सगळ्यांत आवडणारा भाग हाच आहे. चमचाभर कोवळ्या पेशी एवढ्या मोठ्या शिस्तबद्ध स्नायूला चिकटल्या तर काय होईल? त्यांनी कष्टानं जमवलेली वीज भोवतालचा स्नायू शोषून घेईल आणि त्या कधी उंबरठ्यापर्यंत पोचणारच नाहीत. चार निखारे उघड्या अंगणात टाकले की विझतात. राखेत पुरले तर सकाळपर्यंत धग धरतात. म्हणून नोडच्या पेशी एकमेकींना आणि आसपासच्या स्नायूला मुद्दाम कमकुवत जोडांनी जोडलेल्या असतात. कामकरी स्नायूत जे जोडप्रथिन भरपूर असतं, ते इथं जवळजवळ नसतं. भोवती तंतूंची राखही असते. बाहेर पडायला मोजक्या वाटा. टीबीएक्स ३ हे जोडही दाबून ठेवतं, म्हणजे विरजण राखणारा आणि निखारे झाकणारा एकच.

या राखेचा संबंध तुमच्या वडिलांशी आहे, तिकडं येतेच. आधी डाव्या-उजव्याचं सांगते, कारण नोड घडताना चुकतो तेव्हा तो बहुधा इथं चुकतो.

सायनस व्हिनोससला डावं आणि उजवं अशी दोन शिंगं असतात. दोन्हीकडं नोड व्हायला हरकत नसते. डावीकडं पिटएक्स २ नावाचं जनुक चालू असतं आणि ते तिथला नोड दडपून टाकतं. उजवीकडं ते नसतं, म्हणून उजवीकडं नोड होतो. काही बाळांत मात्र शरीराचं डावं-उजवं ठरवतानाच गफलत होते. दोन्ही बाजू उजव्यासारख्या झाल्या तर दोन नोड सापडतात. दोन्ही बाजू डाव्यासारख्या झाल्या तर नोड खुरटा असतो किंवा सापडतच नाही.

माझ्याकडं काही वर्षांपूर्वी एक बाई बाविसाव्या आठवड्यात आल्या होत्या. बाळाचे ठोके नव्वदच्या आसपास, अगदी नियमित. पाठवताना चिठ्ठीवर 'हार्ट ब्लॉक?' असं लिहिलेलं, म्हणजे वरच्या कप्प्याचा ठोका खाली पोचत नाही अशी शंका. इकोत वरच्या कप्प्याच्या प्रत्येक ठोक्यामागोमाग खालचा ठोका येत होता, म्हणजे ब्लॉक नव्हता; वरचाच कप्पा सावकाश होता. मग पोटाकडून येणारी महाशिरा शोधली, ती यकृताजवळ तुटलेली, आणि तिचं रक्त महाधमनीशेजारच्या दुसऱ्याच वाहिनीतून वर जात होतं. दोन्ही बाजू डाव्या. नोडच घडला नव्हता नीट, आणि हृदय दुसऱ्या फळीतल्या पेशींवर चाललं होतं. बेडकाचा ट्रे आठवला. ते मूल आता शाळेत जातं. वर्षातून एकदा होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावतो. पेसमेकर अजून लागलेला नाही.

तुमच्या बाळाबाबत मी हे घाबरवायला सांगत नाही. असं बाळ एनटी स्कॅनला १५८ दाखवेल ही शक्यता फारच कमी, आणि विसाव्या आठवड्याच्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये (बाळाचे अवयव नीट घडलेत का हे पाहणारी सोनोग्राफी) महाशिरा, जठर आणि हृदय आपापल्या बाजूला आहेत का हे बघतातच.

आता उतार. नवव्या आठवड्यानंतर ठोके कमी का होतात? तोवर नोड स्वतःच्या मनानं धावत असतो. त्यानंतर मानेतून खाली येणाऱ्या व्हेगस नसेच्या फांद्या नोडपर्यंत पोचून कामाला लागतात, आणि तिचा धर्म लगाम लावण्याचा आहे. वेग वाढवणाऱ्या नसांचा अंमल त्यानंतर बसतो. लगाम लागलाय याचा पुरावा आम्हाला रोज दिसतो: पाचव्या महिन्याच्या आसपास सोनोग्राफी करताना प्रोब जरा जोरात दाबला गेला तर बाळाचे ठोके झपकन ऐंशीवर येतात, हात सैल केला की काही सेकंदांत पूर्ववत. नवख्या डॉक्टरला घाम फुटतो. अनुभवी माणूस हात उचलतो आणि मनातल्या मनात म्हणतो, छान, व्हेगस पोचली.

ठोके सतत ११०च्या खाली राहिले तर मात्र तपास हवाच, आणि त्याची कारणं एकाच गोत्रातली नसतात. सर्वांत जास्त दिसणारं आणि बहुतांशी निरुपद्रवी कारण म्हणजे वरच्या कप्प्यातले जादा ठोके खाली न पोचणं. आईची रक्तदाबाची काही औषधं ठोके थोडे कमी करतात. क्वचित, ठोके नियमित पण सतत खालच्या पट्टीत असतील तर लाँग क्यूटी नावाचा आनुवंशिक आजार निघतो. म्हणून अशा वेळी मी बाळाआधी आई-वडिलांचा ईसीजी मागते. आणि आईच्या रक्तात अँटी-रो नावाची, शरीराच्याच पेशींवर उलटणारी प्रतिपिंडं असतील तर ती बाळाच्या हृदयातला मधला नोड, म्हणजे वरच्या कप्प्यांचा ठोका खाली पोचवणारा दुवा, जाळू शकतात. लक्षात घ्या, तिथं वरचा पेसमेकर शाबूत असतो. तो हाका मारत असतो, खाली ऐकू जात नाही. अशा आयांपैकी शेकडा एक-दोघींच्याच बाळाला हे होतं, बहुधा अठरा ते चोवीस आठवड्यांत. आधीच्या बाळाला झालेलं असेल तर धोका बराच वाढतो आणि तिथं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध उपयोगी पडतं. तुमच्या पत्नीला ल्युपस किंवा डोळे-तोंड सतत कोरडं पडण्याचा आजार नसेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

आता आजोबा. सत्तरीत सायनस नोड थकतो तो बहुतेक वेळा वयानं. लहानपणी जी राख निखारे जपते तीच वाढत जाते. तंतूंचं प्रमाण वाढतं, ठोके देणाऱ्या पेशी त्यात विखुरतात, आणि निघालेला ठोका बाहेर पडेनासा होतो. नोड नीट घडला होता, सत्तर वर्षं चाललाही. हा गर्भातला दोष नव्हे आणि तो नातवंडात उतरत नाही. घराण्यात चालणारा नोडचा आजार असतो, एचसीएन ४ किंवा सोडियमच्या वाटेच्या जनुकातल्या बदलामुळं, पण तो दुर्मीळ, आणि त्याची चाहूल वेगळी असते: घरात कोणाला चाळिशीच्या आत पेसमेकर लागलेला, कोणी तरुणपणी अचानक गेलेलं, किंवा व्यायाम न करणाऱ्या दोन-तीन जणांचे ठोके कायम पंचेचाळीस-पन्नास. यातलं काही तुमच्या घरात असेल तर माझं वरचं उत्तर बदलतं आणि तुम्ही स्वतःचा एक साधा ईसीजी काढून घ्यावा.

एवढं करून फीटल इको करायचा का? तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून मी आग्रह धरणार नाही. अ‍ॅनॉमली स्कॅन नीट झाला तर पुरे. मनाला स्वस्थता हवी असेल तर अठरा ते बावीस आठवड्यांत करा, त्याआधी घाई नको. ठोके मोजायचं अ‍ॅप किंवा घरगुती डॉपलर मशिन आणू नका. त्यात आईचीच नाडी ऐकून लोक मध्यरात्री फोन करतात.

एक काम मात्र आजच करा. वडिलांचं डिस्चार्ज कार्ड काढून पेसमेकर कशासाठी बसवला ते वाचा. 'सिक सायनस' (सायनस नोडच थकलेला) लिहिलंय की 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' (नोडचा ठोका खाली पोचतच नाही)? घरच्यांच्या तोंडी दोन्हींना 'ठोके कमी पडले' एवढंच नाव असतं. दुसरं असेल तर त्यांचा सायनस नोड अजूनही ठणठणीत असू शकतो, आणि तुम्ही ज्याच्या वारशाची काळजी करताय तो बिघाड त्यांना कधी झालेलाच नसेल.